घोटभर पाणी

सकाळी साडेदहाला व्यापाऱ्याचा टेम्पो दाराशी लागला. व्यापारी आत येऊन घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसतो न बसतो, तोच तिने त्याला नवा भाव सांगून टाकला.

"शेठ, जुना भाव आता परवडत नाही. आजच्या मालापासून सव्वापट."

एवढं बोलून तिने स्टुलावरचा पेला उचलला, पाण्याचा मोठा घोट घेतला आणि तो गिळला नाही. तोंडातच धरला.

पडद्यामागे नवरा पुठ्ठा कापत होता. यंत्राचा खटका थांबला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. भिंतीशी बसून कोपऱ्यांना खळ लावणाऱ्या सासूबाईंनाही नव्हतं. त्यांचा कुंचला डब्यात बुडालेलाच राहिला.

बुटांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. सगळी एकाच मापाची, सगळ्यांच्या झाकणावर या एकाच व्यापाऱ्याचा छाप. त्याने पाठ फिरवली तर ती दुसऱ्या कोणाच्या कामाची नव्हती. आणि जुन्या भावात दिली, तर पुढच्या खेपेचा पुठ्ठा आणायलाही हात रिकामेच राहणार होते.

धंदा कसा करावा हे शिकवणारा एक वर्ग तिने नुकताच पुरा केला होता. तिथल्या मॅडम स्वतः व्यापारी व्हायच्या आणि एकेकीला समोर उभं करायच्या. भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. त्यानंतर समोरच्याने तोंड उघडेपर्यंत आपण उघडायचं नाही. एवढंच काम, पण तिला ते जमेना. मॅडमनी नुसती भुवई उचलली की ही घाईघाईने म्हणायची, "बरं, राहू द्या, जुन्याच भावात घ्या." सगळा वर्ग खो-खो हसायचा. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला काही कुलूप लागत नाही. पाणी भरून ठेवा!" त्या दिवशी मात्र जमलं. मॅडमनी हसून हात पुढे केला होता. "चला, मान्य."

इथे कोणी हात पुढे केला नाही.

व्यापारी आधी हसला. "काय वहिनी, सकाळी सकाळी थट्टा?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

त्याने हाताशी असलेलं एक खोकं उचललं, त्याचा कोपरा अंगठ्याने दाबला. कोपरा दबला आणि परत उभा राहिला. खोकं त्याने जागेवर ठेवलं नाही, खाली टाकलं. "पलीकडच्या गल्लीत दोघं जण माझी वाट बघत बसलेत. एक हाक मारली की धावत येतील."

तिचे गाल आतून ताणून दुखायला लागले होते. पाणी किती वेळ धरायचं, हे वर्गात कोणी विचारलं नव्हतं.

"अहो, मी तुमच्याशी बोलतोय. ऐकू येतंय ना?"

सासूबाईंना राहवलं नाही. "अगं, बोल की! दातखीळ बसली का तुझी?" मग व्यापाऱ्याकडे वळून त्यांनी खळीचे हात जोडले. "तिचं मनावर घेऊ नका, शेठ. त्या वर्गाला जाऊन आल्यापासून डोकं फिरलंय तिचं. तुम्ही जुन्याच भावात उचला माल. कोण नाही म्हणतंय?"

तिने डोळे मिटले.

"जुन्या भावात?" व्यापारी खुर्चीत मागे रेलला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज मोकळा झाला. "नाही आजी, आता जुनाही नाही. माझा वेळ खाल्लात तुम्ही. आता त्याहून उतरा. बोला, किती उतरताय?"

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी सुनेच्या फुगलेल्या गालांकडे बघितलं, मग स्टुलावरच्या पेल्याकडे. गेले काही दिवस खळ ढवळताना ही अशीच गाल फुगवून बसायची. नंतर विचारलं तर म्हणायची, दाढ ठणकत होती.

"बोला ना, आजी. लाजताय कशाला?"

सासूबाईंनी पेला उचलला. थोडं पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं. उरलेलं त्यांनी तोंडात घेतलं आणि ओठ घट्ट मिटले.

व्यापारी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग ताडकन उठला. खुर्चीचा धक्का लागून खोक्यांची एक चळत हलली. "बसा मग अशाच," म्हणत तो बाहेर पडला.

दोघी दारापर्यंत आल्या. टेम्पोचा मागचा फाळका माल भरण्यासाठी उघडा टाकलेला होता. मालकाला रिकाम्या हाताने येताना पाहून ड्रायव्हरने तो उचलला. एक कडी बसली. दुसऱ्या कडीवर हात ठेवून तो मालकाच्या तोंडाकडे बघत थांबला. मालक पाठमोरा, पलीकडच्या गल्लीकडे तोंड करून उभा होता. फोन हातात होता, कानाला लावलेला नव्हता.

घरातलं यंत्र अजून गप्पच होतं. गटार दारासमोरून वाहत होतं. पाणी थुंकायला एक पाऊल पुरलं असतं, आणि मागून हाक मारायला एक शब्द. सुनेच्या तोंडातलं पाणी कोमट झालं होतं. सासूबाईंनी चिकट बोटांनी तिचं मनगट पकडलं होतं आणि त्यांच्या नाकातून श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

टेम्पो अजून सुरू झाला नव्हता.