पक्कं बांधकाम

"पावणं, आता तरी एक पलंग घ्या की!" रेवणसिद्ध अण्णा आपल्या भाडेकरूला दर दिवाळीला सुनवायचे.

"कशाला, अण्णा? देश सुटला की मी चाललो."

तिबेटातून पळून आलेला नामग्याल हिवाळ्यात कोल्हापुरात रस्त्याकडेला स्वेटर विकायचा आणि उरलेलं वर्षभर आपल्या देशाच्या स्वातंत्र्यावर पुस्तकं लिहायचा. तिकडं त्या पुस्तकांवर बंदी होती, इकडं ती कुणाला वाचता येत नव्हती. केस पिकले, दात पडले, तरी तो जमिनीवरच झोपत राहिला आणि कपडे बॅगेतच ठेवत राहिला.

शेवटच्या दुखण्यात त्यानं अण्णांचा हात धरला. "तुम्ही लिंगायत लोक माणूस पुरता ना? मलाही पुरा. जाळू नका. देश सुटला की हाडं तरी तिकडं न्या."

अण्णांनी समाजातल्या लोकांशी भांडून त्याला लिंगायतांच्या स्मशानात पुरलं, बायकोशेजारी स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जागेत.

पावसाळ्याच्या तोंडावर गवंडी समाधी बांधायला विटा आणि सिमेंट घेऊन आला. अण्णांनी त्याला हात लावू दिला नाही.

"अवो अण्णा, पक्कं बांधलं न्हाई तर दोन पावसांत सगळं सपाट हुईल. कुठं पुरलंय ते बी घावायचं न्हाई."

अण्णांनी मातीच्या ढिगाशेजारची एक वीट उचलून गवंड्याच्या हातात दिली.

"विटा परत ने. पावण्यास्नी जायाचं हाय."