बाबांची बीएसए

किक उलटी फिरली आणि वग्दी नडगी धरून गल्लीतच मटकन खाली बसला.

"आधी हँडलवरचा लिव्हर मागं घे," दारातल्या खुर्चीवरून बाबा ओरडले. "तीन आठवडे घसा कोरडा करतोय. लिव्हर मागं, मग किक."

रतीबा लिंबाच्या सरबताचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. भावाची नडगी आता टम्म सुजणार, हे तिला दिसत होतं. तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

पुढच्या किकला मात्र गाडी बोलली. आधी खोकली, मग निळा धूर सोडत धडधडायला लागली. शुक्रवारची नमाज आटोपून घरी निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. इजिप्तमधल्या इस्माइलियाच्या त्या गल्लीत हा आवाज कितीतरी वर्षांनी येत होता. याच बीएसए मोटरसायकलवरून बाबा जवानीत सुएझ कालव्याच्या काठानं टपाल पोचवायचे. पुढं ती जिन्याखाली पोत्यांत गुंडाळून पडली ती पडलीच. आता वग्दी कुवेतहून सुट्टीवर आला होता आणि आल्या दिवसापासून तिच्या मागं लागला होता.

"हाजी, मुलगा असावा तर असा," समोरचा न्हावी म्हणाला.

"मेलेली उठवली त्यानं," बाबा म्हणाले. डोळे पुसले आणि वग्दीला जवळ ओढून त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

रतीबानं ट्रे जरा घट्ट धरला. गाडीचं सीट तिनं शिवलं होतं, आपल्या मशीनवर, दोन सुया मोडून. कार्ब्युरेटर तिच्या मुलुखियाच्या पालेभाजीच्या पातेल्यात उकळला होता. ते पातेलं तिला शेवटी फेकून द्यावं लागलं. मधे एकदा टाकीचं झाकण दोन दिवस सापडत नव्हतं. ते मसुराच्या डब्यात होतं. तिनंच लपवलं होतं. बाबांनी जेवण सोडलं तेव्हा तिनं ते हळूच अंगणात नेऊन टाकलं. ते वग्दीला सापडलं, म्हणून त्या दिवशीही मुका वग्दीलाच मिळाला.

बाबांची आंघोळ, इन्सुलिनची सुई, रात्री पाय चेपणं, हे सगळं वर्षानुवर्षं तिच्याकडं होतं. त्यासाठी कुणी गल्लीत थांबून टाळ्या वाजवाव्यात, असं तिला कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं.

वग्दी चौकाला फेरी मारून आला. पोरंटोरं मागून धावत होती. त्यानं गाडी स्टँडवर घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि ट्रेमधला पेला उचलून एका दमात रिकामा केला.

"बाबा, मी ही कुवेतला नेऊ? तिकडं जुन्या गाड्यांचा आमचा गट आहे. सगळे बघत राहतील."

"विचारतोस काय? तुझीच आहे," बाबा म्हणाले.

रतीबानं ट्रे उंबऱ्यावर ठेवला. अंगातल्या पायघोळ गलाबियाचा घोळ गुडघ्यापर्यंत वर घेऊन कमरेला खोचला आणि चार पावलांत गाडी गाठली. गाडी स्टँडवरून ढकलली आणि ती सीटवर बसली.

"ताई, अगं, काय करतेस?" वग्दीच्या हातातला पेला तसाच राहिला. "मस्करी नको. पडशील."

तीन आठवडे बाबा बंद गाडीवरच वग्दीला शिकवत होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा आवाज तिच्या कानावर पडत होता. क्लच दाब, गिअर टाक, हळू सोड, हळू, बैल आहेस का. तिनं क्लच दाबला. गिअर टाकला. हळू सोडला. गाडीनं हिसका दिला आणि निघाली.

न्हावी बाजूला उडी मारून भिंतीला चिकटला. गाडी पहिल्याच गिअरमध्ये किंचाळत चौकाकडं गेली. तिथल्या आंब्याच्या हातगाडीला वळसा घालताना हँडल इतकं डगमगलं की विक्रेत्यानं दोन्ही हातांनी आपला माल झाकला. तरी ती वळली. परत येताना तिच्या डोक्यावरचा रुमाल मानेवर आला होता. चेहरा घामानं आणि भीतीनं चमकत होता. गाडी बाबांच्या खुर्चीसमोर आली, गचका खाऊन बंद पडली. तिनं दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

पोरं गाडीभोवती गोळा झाली.

"उतर, ताई," वग्दी म्हणाला. "लोक बघताहेत."

"बघू देत." ती बाबांकडं बघत होती. "वग्दीला द्यायच्या आधी मला विचारायचं तरी."

"तुला गाडी हवी होती?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज चिडका नव्हता, नवल वाटल्यासारखा होता. "तू कधी मागितलीच नाहीस."

"मागितली असती तर दिली असती?"

बाबा काठीचं टोक फरशीवर फिरवत राहिले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि या वयात लावून घ्यायची इच्छाही नसावी.

"नाही," ते म्हणाले.

रतीबानं मान हलवली. तिला ठाऊकच होतं. पण ती उतरली नाही.

बाबा तिच्या पायांकडं बघत होते. पायांत घरातल्या चपला होत्या, एकीचा पट्टा तुटलेला.

"वग्दी," ते म्हणाले, "गाडी चालू करून दे तिला. आणि तू गं, पहिल्याच गिअरमध्ये इंजिन जाळशील माझं. दुसरा टाकताना क्लच पूर्ण दाबायचा. पूर्ण. मी सांगतो तशी कर."

वग्दी लंगडत पुढं आला. किकवर पाय ठेवताना त्यानं एकदा बापाकडं पाहिलं. बापाचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. वग्दीच्या तोंडावर त्या क्षणी जे आलं, ते रतीबानं अगदी जवळून पाहिलं आणि तिला ते, स्वतःचंच असल्यासारखं, ओळखायला वेळ लागला नाही.