तिसरा रकाना

“‘सुरुवातीपासून’ असं टाक गो राजश्री,” पतसंस्थेचे व्यवस्थापक खातू साहेब खुर्चीत रेलून म्हणाले. “नुसतं ‘व्यवस्थापकांकडे’ काय लिहितेस? जरा बरं दिसूदे.”

राजश्रीने टाकलं.

पतसंस्थेच्या तपासणीला अर्धा तास उरला होता. यंदा वरून नवीनच फर्मान आलं होतं: दोन नियमावल्यांचा मिळून एकच तक्ता करा. पैसे पाठवणारा माणूस तोच आहे ना, याची खात्री कशी करायची, त्याची एक नियमावली. क्लाउडवर, म्हणजे दूर कुठल्यातरी मशीनवर ठेवलेली संस्थेची माहिती कशी जपायची, त्याची दुसरी. दोन्ही शेजारी मांडायच्या आणि तिसऱ्या रकान्यात आपल्याकडे काय चालतं ते लिहायचं. आजवर नियमांच्या या दोन पुस्तकांसाठी दोन वेगळे तपासनीस येत. संस्थेचा रिवाज असा, की प्रत्येक प्रश्नापुढे ‘होय’ लिहायचं आणि तपासनिसाला सोलकढी पाजायची.

राजश्रीने मात्र दोन्ही पुस्तकं घरी नेऊन तीन आठवडे वाचली होती. हौस म्हणून नव्हे. चार वर्षांपूर्वी संस्थेच्या खात्यातून मोठी रक्कम भलत्याच ठिकाणी गेली होती. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एका भामट्याला खातू साहेबांनी आधी पासवर्ड सांगितला, मग ओटीपीही वाचून दाखवला. शेजारच्या टेबलावरच्या धोंडूने तो आकडा स्वतःच्या कानांनी ऐकला. पण संचालकांसमोर साहेब म्हणाले, ओटीपी येतो तो संस्थेचा फोन धोंडूकडेच असायचा, त्यानेच आकडा फोडला. धोंडूची नोकरी गेली.

धोंडू राजश्रीचा नवरा. तेव्हापासून तो दिवसाउजेडी घराबाहेर पडला नाही. फोन कोणाच्या खणात असतो हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? राजश्रीला साहेबांनी कामावर ठेवली आणि ‘मी मनाने मोठा’ असं गावभर सांगत हिंडले. ती रोज त्यांच्यापुढे चहा ठेवी आणि मनात म्हणे, तुझं वाटोळं होऊदे.

तक्त्याची चौदावी ओळ, पैशांच्या पुस्तकातली: ओटीपीचा फोन कोणाकडे? ‘सुरुवातीपासून व्यवस्थापकांच्या खणात, कुलपात.’ एकतिसावी, क्लाउडच्या पुस्तकातली: मुख्य पासवर्ड कोणाकडे? ‘सुरुवातीपासून फक्त व्यवस्थापकांकडे.’ एकेकटी वाचली तर दोन्ही उत्तरं पैकीच्या पैकी. साहेबांनी दोन्ही वाचली, खूश झाले आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. खोटं बोलणाऱ्याला आठवण दांडगी लागते, आणि साहेबांना तर आपला चष्मा कुठे ठेवलाय हेही आठवत नसे.

तपासायला आलेल्या वेदिका मॅडम तिशीच्या होत्या. सोलकढी त्यांनी बाजूला सारली आणि तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“इतका नीट तक्ता मी जिल्ह्यात पाहिला नाही,” त्या म्हणाल्या. “कोणी केला?”

“मीच, मॅडम. अक्षर न् अक्षर माझं,” खातू साहेब म्हणाले.

चार वर्षं ज्या घटकेसाठी दात-ओठ खात काढली, त्या घटकेला मेल्याचं कौतुक? तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

“फोन कधी एखाद्या कारकुनाकडे दिला होतात?”

“छे! हात लावू दिला नाही कुणाला.”

“आणि पासवर्ड?”

“तोही नाही. फोन म्हणा, पासवर्ड म्हणा, दोन्ही माझ्या एकट्याकडे.”

मॅडमनी दोन्ही ओळींवर पेन्सिलीने खूण केली. मग संस्थेच्या फायलीतून संचालक मंडळाचा चार वर्षांपूर्वीचा ठराव काढला आणि तक्त्याशेजारी ठेवला.

“मग साहेब, धोंडूला कशाबद्दल काढलंत?”

खातू साहेबांनी राजश्रीकडे पाहिलं. राजश्रीने नजर खाली वळवली नाही. पोटभर पाहून घेतलं त्यांना.

“हा ठराव माझ्या अहवालाला जोडतेय,” मॅडम म्हणाल्या. “आणि तुमची सहीसुद्धा. त्या माणसाला मला भेटायचंय.”

“पाणी देऊ, साहेब?” राजश्रीने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती व्हरांड्यात गेली आणि घरी फोन लावला.

“अहो, आज मासे तुम्ही आणा.”

“मी? काय खुळी झालीस काय गो?”

“मिरकरवाड्याच्या बंदरावरच जा,” ती म्हणाली. “आणि रिक्षा करू नका. भर बाजारातून चालत जा.”