हातभर रेघ

"रेघ हातभर सरकवा," भिकाजी लोंढे म्हणाले. "माझ्या रानात."

मृणालने स्क्रीनवरून मान वर केली. शिवाराचा नकाशा ती रोज दुरुस्त करायची. तिने ओढलेली रेघ गावातल्या बिनचालकाच्या ट्रॅक्टरांना पोचायची आणि नांगर तिथूनच वळायचा. पण स्वतःचं रान कमी करून मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"काका, तुमचीच जमीन जाईल."

"जाऊ दे. पूर्वी शेजारचा गुलाब तांबोळी माझा बांध कोरायचा, मी त्याचा. दर पेरणीला तिथं भांडायचो, आणि दम लागला की तिथंच बसून तंबाखू मळायचो. आता ट्रॅक्टर तसूभर चुकत नाहीत. मग तो कशाला येतोय? त्याचं रान वाढलं, तर विचारायला तरी येईल."

मृणालने त्या रेघेचे जुने बदल उघडले. मागच्याच आठवड्यात ती हातभर सरकली होती, लोंढ्यांचं रान वाढवून. अर्ज तांबोळींचा होता, तिच्या रजेत आलेला.

"काका, रानात शेवटचे कधी गेलात?"

"आता कोण जातंय? घरूनच दिसतं सगळं."

एका क्लिकने रेघ मूळ जागी गेली असती आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नसतं. मृणालने माऊस सोडला.

"हे इथून होत नाही," ती धडधडीत खोटं बोलली. "उद्या सकाळी दोघांनी बांधावर हजर राहायचं. तांबोळींना मी कळवते."

"भांडण होईल हां," भिकाजी उठत म्हणाले, आणि त्यांनी खिशातली तंबाखूची चंची चाचपून पाहिली.