ओराझची घाई

"उतरण्याआधी एक घिरटी तरी मारायचीस. का नाही मारलीस?" कायसारनं विचारलं.

ओराझनं नुसती टोपीवरची माती झटकली. धावपट्टीच्या टोकाला त्याचं छोटं विमान मातीत नाक खुपसून पडलं होतं. पिकांवर औषध फवारायचं ते विमान. वैमानिकाशिवाय त्यात कोणाला बसवायची परवानगी नव्हती, आणि आपण एकटेच होतो असं ओराझनं सांगितलं होतं.

कायसार असल्या अपघातांच्या चौकशीला हिंडायचा. या वेळी गावानं त्याचंच नाव घेऊन त्याला बोलावलं होतं. आपण वैमानिकांना सांभाळून घेतो हे स्तेपच्या सगळ्या माळरानात पसरलेलं दिसतंय, असं मनाशी म्हणत तो आला होता. पण खोटं सापडलं तर ओराझचा परवाना जाणार. चार लेकरांच्या बापाच्या पोटावर पाय द्यायचं त्याच्या जिवावर येत होतं.

तरी कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना. चाकांच्या खुणा सांगत होत्या की ओराझ वारा पाठीवर घेऊन उतरला होता. वीस वर्षं विमान उडवणारा माणूस असं करत नाही. शेजारच्या खुर्चीचा पट्टा सुरीनं कापलेला होता.

म्हणजे कोणीतरी होतं, आणि त्याला घाईनं बाहेर काढलं होतं. चोरून हरणं मारणारा एखादा शिकारी असणार, कायसारनं ताडलं.

गावातल्या म्हाताऱ्या जुमाकाननं त्याला हाताला धरून घरी नेलं. आधी जेवण, मग बोलणं, असं त्यानं बजावलं. बैठकीत एकेक करून गावातले सगळे वडीलधारे येऊन बसले. मटण वाढलं गेलं, पण कोणी धड जेवेना. कायसारच्या नजरेला नजरही कोणी देईना. हा कट शिजून कधीचाच तयार झालाय, या विचारानं त्याला हसू आलं.

दाराशी बसलेल्या ओराझला त्यानं चिमटा काढला. "नको सांगूस. तू जिथून आलास त्या डोंगरातल्या मेंढपाळांच्या तळांवर माझा धाकटा भाऊच मेंढ्यांचा डॉक्टर आहे. कोण चढलं तुझ्या विमानात, ते नुरकेनला विचारतो. त्याचा फोन लागला की झालं."

ओराझनं चहाची वाटी खाली ठेवली. तो उठून बाहेर गेला.

"आता बोला, आजोबा," कायसार जुमाकानला म्हणाला. "कोणाला वाचवताय?"

"थोडं थांब, बाळा. एक जण यायचाय."

पढवून आणलेला साक्षीदार असणार, कायसारला वाटलं. बाहेर गाडी थांबली तेव्हा तो जवळजवळ उत्सुकतेनं दाराकडे वळला. बैठकीतले सगळे म्हातारे एकदम उभे राहिले.

दारातून त्याचे स्वतःचे थोरले काका आत आले. शेजारच्या जिल्ह्यातून, धुळीनं माखलेले. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

"असली बातमी परक्यांनी द्यायची नसते, म्हणून हे सगळे माझ्यासाठी थांबले होते," ते म्हणाले. "पोरा, नुरकेनच्या पोटात आतडं फुटलं होतं. ओराझनं त्याला इथल्या दवाखान्यापर्यंत तरी जिवंत आणला होता."