दोन भाऊ आणि एक पोतं

रंगुबाईनं आज ज्योतिबाअण्णांना बजावलंच, "आवं, परत कालवा केला, तर ह्यातलं एक पिल्लू माज्या भावाकडं वडूजला जाणार." कुत्र्याची दोन्ही पिल्लं एकाच आईची, पण निजायच्या पोत्यावरून दिवसभर एकमेकांच्या कानाला झोंबलेली.

सख्ख्या भावांची ताटातूट काही अण्णांच्या जिवाला पटेना. काल सप्ताहात बुवांनी रंगवलेलं आख्यान त्यांनी ओट्यावर बसून दोघांना ऐकवलं.

"धाकट्यानं राज्याला हात लावला न्हाई रं. थोरल्याच्या पादुका तेवढ्या मागून घेतल्या. आन् तुमी पोत्यावरनं भांडताय व्हय?"

सांगता सांगता त्यांचेच डोळे भरून आले. उपरण्यानं ते पुसत अण्णा आंघोळीला गेले.

पूजा आटपून बाहेर येतात, तर ओट्याकडं सगळं चिडीचूप. अण्णांचा ऊर भरून आला. "बघ, कीर्तनानं दगडालाबी पाझर फुटतो. आता कोन वडूजला जात न्हाई."

"न्हाईच जात," दारात उभी रंगुबाई म्हणाली.



"तुमच्या नव्या कोल्हापुरी चपला एकेक वाटून घेतल्यात, आन् बसल्यात चघळत गुण्यागोविंदानं."