वत्सलाबाईंची निगेटिव्ह

"हिची निगेटिव्ह दे," वत्सलाबाई म्हणाल्या आणि मुलीचा फोटो त्यांनी स्टुडिओच्या काउंटरवर आपटला.

महेशने तो फोटो गेल्याच आठवड्यात काढला होता. मुलगी साधना, मखमलाबादला गुलाब पिकवणाऱ्या लहानूची. स्थळ देवळ्याचं, आणि वत्सलाबाई मुलाची आई. रविवारी मुलगी बघायला यायचं की फोटो परत पाठवायचा, हे सगळं या बाईंच्या मनावर होतं. साधनाची दोन स्थळं आधीच फिसकटली होती. तिसरं आपल्या दुकानात फिसकटू नये, म्हणून महेश तोंडात साखर ठेवून बोलत होता.

"मावशी, हा डिजिटल आहे. याला निगेटिव्ह नसते."

"नसते, का द्यायची नाय?"

महेशने समजावून पाहिलं. रोल महाग. छत्तीस फोटो संपेपर्यंत गिऱ्हाइकाने ताटकळायचं, आणि धुतल्यावर डोळे मिटलेले निघाले की पैसे पाण्यात. यात दहा काढायचे, नऊ पुसायचे, खर्च काही नाही.

"पुसता येतं म्हण की!" बाईंनी तिथेच पकडलं. "मग गालावरचं बी पुसलं असशील. एवढी गुळगुळीत पोरगी मी तर कुठं बघितली नाय."

"देवाशप्पथ सांगतो, थोडा उजेड वाढवलाय. बस."

"थोडा म्हंजे किती?"

याचं उत्तर आजवर कुठल्या फोटोग्राफरला देता आलंय? महेश काउंटर पुसू लागला, आणि बाईंचा संशय पक्का झाला. त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, त्यांचे वण गालभर होते.

"माझं माहेर हितलंच, आनंदवलीचं. लग्नाच्या येळचा माझा फोटो तुझ्याच बापानं काढला. चौऱ्याहत्तर साली, रोलवर. त्याला म्हणायचं कॅमेरा! एक वण आला नाय त्यात. त्याच फोटोवर माझी सोयरीक जुळली."

आपण काय बोलून गेलो, ते त्यांच्या गावीही नव्हतं.

"तीच काढ," त्या म्हणाल्या. "बघू दे खरी निगेटिव्ह कशी असते ती."

महेशच्या वडिलांनी एकही निगेटिव्ह टाकली नव्हती. साल, गाव, नाव लिहिलेली पाकिटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेली होती. आनंदवलीचं पाकीट दुसऱ्याच डब्यात सापडलं. महेशने निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली आणि पटकन खाली घेतली.

"खराब झालीय मावशी. बुरशी धरलीय."

"आण इकडं. लपवतोस काय?"

त्यांनी ती हिसकावूनच घेतली आणि उजेडाला धरली. त्या उलट्या, काळ्या चेहऱ्यात त्यांना आपल्या कानातले झुबे ओळखू आले. गालांवर मात्र बारीक बारीक रेघोट्या होत्या, कुणीतरी जपून ओढलेल्या.

"हे काय?"

"पेन्सिल." महेशला बोलताना लाज वाटली. "वडील भिंग लावून बसायचे. एकेक वण भरून काढायचे, मग फोटोत तो यायचा नाही. सगळ्याच मुलींचं करायचे. कुणी सांगावं लागायचं नाही."

बाईंचं बोट गालावर गेलं आणि तिथेच राहिलं. गेलं हेही स्थळ, महेशला वाटलं. मुकाट्याने एक रोल घातला असता तर काय बिघडलं असतं, म्हणून तो मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत राहिला.

बाईंनी निगेटिव्ह पाकिटात घातली. साधनाचा फोटो पदराने पुसला आणि आपल्या पिशवीत नीट ठेवला.

"रविवारी येतो आम्ही बघायला. आमच्यात तवा पोरगा बघायला येत नव्हता," त्या उठता उठता म्हणाल्या. "अंतरपाट काढला, तवाच ह्यांनी मला पयल्यांदा बघितलं. एकतीस वर्षं झाली. त्या फोटोचं नाव ह्यांनी अजून काढलं नाय."